जिल्ह्याला अध्यक्षपद मिळाले, चिचगडला काय मिळाले?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशिया चषक स्पर्धेचे दार भारतीय फुटबॉल संघाला बंद झाले. पुढच्याच महिन्यात, १८ नोव्हेंबरला, ढाक्यात बांगला देशाने भारतावर १-० अशी मात केली. रिवाजाप्रमाणे वर्तमानपत्रांनी दोन दिवस शोक केला, प्रशिक्षक बदलून काय होणार याची चर्चा झाली, दीडशे कोटींच्या देशाला अकरा खेळाडू मिळत नाहीत हे घिसेपिटे वाक्य पुन्हा एकदा छापले गेले, आणि तिसऱ्या दिवशी सारे क्रिकेटकडे वळले. या शोकात एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही : हे दीडशे कोटी लोक कधी मैदानावर आले होते काय? त्यांना तेथे येऊ कोणी दिले?

भारतीयांची शरीरयष्टीच या खेळाला योग्य नाही, असे सांगणाऱ्यांनी इतिहासाची पाने उलटून पाहावीत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या भारतीय संघाने फ्रान्सला अखेरच्या मिनिटांपर्यंत बरोबरीत रोखले होते. दोन पेनल्टी हुकल्या आणि सामना १-२ असा गेला. १९५१ साली दिल्लीत इराणला हरवून भारताने पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने १-१० असा दारुण पराभव केला, हेही खरे. पण त्या पराभवाचा धडा घेतला गेला, बूट घालणे सक्तीचे झाले, आणि चारच वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये याच देशाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा तो आशियातील पहिला संघ. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईचा. १९६२ साली जाकार्तात दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून चुनी गोस्वामींच्या संघाने पुन्हा आशियाई सुवर्णपदक आणले. अवघ्या अकरा वर्षांत शरीरयष्टी घडते आणि नंतर साठ वर्षे नाहीशी होते, असे जीवशास्त्र अद्याप कोणी लिहिलेले नाही.

मग त्या अकरा वर्षांत असे काय होते? उत्तर त्या संघाच्या नामावळीत दडलेले आहे. प्रदीपकुमार बॅनर्जी पूर्व रेल्वेचे नोकर होते, आणि १९५८ साली कलकत्ता लीग जिंकून मातब्बर क्लबांना धक्का दिला तो या रेल्वेच्याच संघाने. गोलरक्षक पीटर थंगराज सैन्यातून आला. तुळसीदास बलराम सिकंदराबादजवळच्या गरीब वस्तीतून वर आला. हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाला आणि राष्ट्रीय संघालाही घडवणारे सय्यद अब्दुल रहीम मुळात शाळामास्तर होते. रेल्वे, पोलीस, सैन्य, कारखाने आणि शाळा या संस्था गरिबाच्या पोराला नोकरी देत, नोकरीबरोबर मैदान देत आणि संध्याकाळचे दोन तास देत. कोण्या उद्योगपतीने लिलावात बोली लावून तो संघ उभा केला नव्हता. कष्टकरी वर्गाला मिळालेल्या स्थिर रोजगाराचे ते उपफळ होते. आजच्या अर्थशास्त्र्यांना हे वाक्य रुचणार नाही, तथापि वस्तुस्थिती तीच आहे.

१९६३ साली रहीम कर्करोगाने गेले. १९६४ च्या आशिया चषकात उपविजेतेपद मिळाले, १९७० साली बँकॉकला कांस्यपदक मिळाले, आणि त्यानंतर उतरणीचा रस्ता लागला. ऑलिंपिकमध्ये तर १९६० नंतर भारताचा पुरुष संघ दिसलेलाच नाही. या काळात जपान, कोरिया आणि इराणने शाळा, शहरे व क्लब यांच्या आधारावर खेळाचा पाया रुंद केला. जपानने १९९३ साली व्यावसायिक लीग सुरू केली, तीसुद्धा प्रत्येक क्लब आपापल्या गावाशी बांधलेला असावा असा दंडक घालून. भारतात पाया अरुंद होत गेला आणि कळस मात्र सोन्याने मढवला जाऊ लागला.

या कळसावर कोण बसले होते ते पाहू जावे, तर पूर्व विदर्भाच्या वाचकाला दूर जाण्याचे कारण नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची स्थापना १९३७ ची. १९८८ पासून २००८ पर्यंत वीस वर्षे त्याचे अध्यक्षपद काँग्रेसचे प्रियरंजन दासमुन्शी यांच्याकडे होते. त्यांच्या आजारपणानंतर ते राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रफुल्ल पटेल यांच्याकडे आले आणि २०२२ पर्यंत राहिले. म्हणजे तेरा वर्षांहून अधिक काळ देशाच्या फुटबॉलची किल्ली गोंदियाच्या नेत्याच्या हाती होती. याच काळात ते केंद्रात मंत्री होते, भंडारा-गोंदियाचे खासदार होते, आणि २०१९ पासून जागतिक फुटबॉल महासंघाच्या परिषदेचे सदस्यही होते. डिसेंबर २०२० मध्ये त्यांची मुदत संपली, पण निवडणूक झाली नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कार्यकारिणी दूर सारून प्रशासक समिती नेमावी लागली, आणि ऑगस्टमध्ये जागतिक महासंघाने बाहेरच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन अकरा दिवस भारतालाच निलंबित केले. त्यानंतरच्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाचे कल्याण चौबे ३३ विरुद्ध १ मतांनी अध्यक्ष झाले. त्यांच्याविरुद्ध उभा असलेला बायचुंग भुतिया देशाचा माजी कर्णधार होता. त्याला एक मत मिळाले! काँग्रेस, राष्ट्रवादी, भाजप असे झेंडे तीन झाले, पण खुर्चीची रीत एकच राहिली.

येथे एका व्यक्तीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून प्रश्न सुटणार नाही. न्याय्य हिशेब मांडायचा तर हेही नोंदवले पाहिजे की पटेलांच्या कारकीर्दीत मार्च २०१५ मध्ये १७३ व्या क्रमांकापर्यंत घसरलेला संघ जुलै २०१७ मध्ये ९६ व्या क्रमांकावर चढला होता. आज तो पुन्हा घसरला आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचा क्रमांक १४२ होता. अध्यक्ष आला किंवा गेला म्हणून क्रमांक वर-खाली होतो, पण पाया हलत नाही, कारण पाया घालणे हे या खुर्चीचे काम आहे असे तिच्यावर बसणाऱ्या कोणालाच वाटलेले नाही. खुर्चीला मते द्यायची ती राज्य संघटनांनी, राज्य संघटना चालवायच्या ठरावीक मंडळींनी. गावातल्या मास्तराला, तालुक्याच्या संघाला, खुद्द खेळाडूला त्यात स्थान नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या नव्या घटनेने काही नामवंत माजी खेळाडूंना आत घेतले हे चांगलेच झाले. परंतु नामवंत होण्यापूर्वीच ज्याची वाट बंद होते, त्याच्यासाठी त्या घटनेत काय आहे?

खुर्चीने पाया घातला नाही, पण कळस मात्र विकला. २०१० साली महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला आणि भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क तिच्या हवाली केले. त्यातून २०१४ साली इंडियन सुपर लीग अवतरली. चित्रतारे, क्रिकेटपटू आणि उद्योगपती संघांचे धनी झाले. उतारवयातील परदेशी खेळाडूंना भरघोस मानधन देऊन आणले गेले. या लीगमध्ये प्रवेश पैशाने मिळे. कितीही सामने हरले तरी खालच्या गटात उतरण्याची भीती नसे, आणि लहान गावच्या क्लबने कितीही पराक्रम केला तरी वर चढण्याची वाट नसे. २०१७ साली मिझोरामच्या ऐझॉल क्लबने आय-लीग जिंकून देशाला चकित केले, पण श्रीमंतांच्या या पंगतीत त्याला पाट मिळाला नाही. याच सुमारास जुने आधार एकामागून एक कोसळत होते. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये, फगवाड्याचा जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे सार्वजनिक क्षेत्रातले दोन संघ २०१३ साली आय-लीगमधून वगळले गेले. रोव्हर्स चषक तर त्याआधीच इतिहासजमा झाला होता. म्हणजे ज्या संस्थांनी १९६२ चा संघ घडवला होता त्या मोडल्या गेल्या, आणि त्यांच्या जागी जे उभे राहिले ते पंधरा वर्षांचा भाडेपट्टा घेऊन आलेले भांडवल होते.

भांडवलाची निष्ठा पट्ट्याच्या मुदतीपुरतीच असते. डिसेंबर २०२५ मध्ये करार संपला. त्याआधीच २०२५-२६ चा हंगाम अडकून पडला होता, खेळाडू पगाराच्या चिंतेत होते, आणि नव्या हक्कांसाठी महासंघाने निविदा मागवल्या तेव्हा एकही बोली आली नाही. खाजगीकरणाची आरती ओवाळणाऱ्यांनी हा क्षण नीट स्मरणात ठेवावा. नफा दिसत होता तोवर फुटबॉल ही राष्ट्रसेवा होती. नफा दिसेना तेव्हा राष्ट्रही दिसेना.

सोहळ्यांना मात्र तोटा नव्हता. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. तिला १३ लाख ४७ हजार प्रेक्षक लाभले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सबंध गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार आहे, यावरून त्या गर्दीची कल्पना यावी. भारताने तिन्ही सामने गमावले. स्पर्धेच्या महिनाभर आधी, १५ सप्टेंबरला, महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या शाळांतून दहा लाख मुलांना एक दिवस फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम साजरा केला. एक दिवस! दुसऱ्या दिवसासाठी कोणती योजना होती? २०२२ साली मुलींची तशीच स्पर्धा झाली. भारतीय संघाची कर्णधार अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी होती. तिची निवड झाल्यावर तिच्या घराकडे जाणारा रस्ता बांधायला घेतला गेला, आणि त्याच रस्त्यावर तिचे आईवडील मजुरी करीत होते, हे वृत्त देशभर छापून आले. लेक देशाची कर्णधार आणि आईबाप रस्त्याच्या गिट्टीवर, हे दृश्य पाहून ज्यांना केवळ गहिवर आला त्यांना या व्यवस्थेचे काहीच कळलेले नाही. त्या संघाने अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशी हार घेतली. ही हार त्या मुलींची नव्हे. ज्यांनी कर्णधारपदापर्यंत पोहोचलेल्या मुलीच्या गावाला रस्तासुद्धा आधी दिला नाही, त्यांची ती हार आहे.

आता गुमल्याहून चिचगडकडे यावे. देवरी तालुक्यातला हा जंगलपट्टा, छत्तीसगडच्या सीमेलगतचा. धान, मोह आणि तेंदूपत्ता यांवर जगणारी गोंड-हलबा वस्ती. मुंबई-हावडा लोहमार्ग गोंदियावरून जातो, मुंबई-कलकत्ता महामार्ग देवरीवरून जातो. देशाच्या फुटबॉलच्या दोन जुन्या राजधान्यांना जोडणारी वाट जिल्ह्याच्या अंगावरून गेली, पण खेळ काही येथे उतरला नाही. ज्या विडीउद्योगावर गोंदियाचे वैभव उभे राहिले, त्याला लागणारे पान अशाच जंगलांतून मे महिन्याच्या उन्हात खुडले जाते. दिवसभर डोंगर तुडवणाऱ्या, नाले ओलांडणाऱ्या या मुलामुलींच्या पायांत दम नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पटेल विमान वाहतूक मंत्री असताना बिरसीचा विमानतळ विकसित झाला, वैमानिक घडवणारी संस्था आली. ज्या जिल्ह्यात विमान उतरवता येते त्या जिल्ह्यात फुटबॉल उतरवता येऊ नये काय? देशाच्या फुटबॉलचा सर्वोच्च अधिकारी तेरा वर्षे या जिल्ह्याचा होता. त्या तेरा वर्षांत देवरी प्रकल्पाच्या आश्रमशाळांत किती पात्र प्रशिक्षक नेमले गेले, किती मैदाने आखली गेली, चिचगड-ककोडी भागातली किती मुले राज्य संघाच्या निवडीपर्यंत पोहोचली, याचा हिशेब जनतेसमोर मांडला गेला पाहिजे.

मैदानाचा प्रश्न काही आकाशातला नाही, तो जमिनीचा आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे २००९ सालीच लिहिले गेले. परंतु जंगलपट्ट्यात जमीन वनखात्याच्या ताब्यात. २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२) सांगते की ग्रामसभेच्या शिफारशीने, प्रत्येक सुविधेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे न तोडता, तेरा प्रकारच्या सार्वजनिक सोयींसाठी देता येते. त्या तेरांत शाळा आहे, दवाखाना आहे, अंगणवाडी आहे, रेशन दुकान आहे, तलाव, रस्ता आणि समाजमंदिरही आहे. क्रीडांगण नाही. कायदा करणाऱ्यांना आदिवासी मूल आजारी पडते, भुकेले असते, शिकते हे सुचले, पण ते खेळते हे सुचले नाही. आंतरराष्ट्रीय मापाचे फुटबॉल मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते, म्हणजे सुमारे पाऊण हेक्टर. कायद्याच्या एका हेक्टरच्या मर्यादेत ते सहज बसते. अडचण जमिनीची नाही, यादीतल्या एका शब्दाची आहे, आणि तो शब्द घालण्यासाठी दिल्लीत कोणी तोंड उघडलेले नाही.

लोकसंख्या लहान, साधने तुटपुंजी, ही सबबही आता उरलेली नाही. सुमारे सव्वापाच लाख वस्तीचा केप व्हर्दे हा द्वीपदेश २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. गोंदिया जिल्ह्याच्या निम्म्याहूनही ती वस्ती कमी. दीड लाखांच्या आसपास वस्तीचे क्युरासाओ बेट पात्र ठरले. साडेतीन लाखांचा आइसलँड २०१८ सालीच विश्वचषकात खेळून गेला, तोही नगरपालिकांनी बांधलेल्या बंदिस्त क्रीडागृहांच्या आणि गावोगावच्या प्रशिक्षित शिक्षकांच्या बळावर. हे देश भारताहून श्रीमंत असतील, त्यांचे कित्येक खेळाडू युरोपात घडले असतील. पण एका जिल्ह्याएवढ्या मुलखाला आपल्या मुलांकडे लक्ष देता येते, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

या विवेचनावर एक आक्षेप खुद्द चळवळीतूनच येईल. जेथे कुपोषण आहे, जेथे वनपट्ट्यांचे दावे पडून आहेत, तेथे चेंडूचे कौतुक कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो अर्धाच खरा आहे. भुकेल्या मुलाला मैदान दिले म्हणजे त्याचे पोट भरत नाही, हे कबूल. पण आश्रमशाळेतल्या ज्या मुलाला रोज धावायला लावायचे, त्याला दूध, अंडी आणि पुरेसे जेवण द्यावे लागते. मैदानाची मागणी आली की ताटाची मागणी तिच्यामागून येतेच, आणि जेवणातला भ्रष्टाचार झाकणेही कठीण होते. शिवाय कष्टकऱ्याला भाकरीपुरतेच जगण्याचा हक्क आहे, खेळ, गाणे आणि विश्रांती हा मालकवर्गाचा वारसा आहे, ही समजूत शोषकांनीच रुजवलेली आहे. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी झगडणाऱ्या कामगारांनी उरलेल्या तासांतले काही स्वतःसाठी मागितले होते, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये. कोल्हापुरात तालमी आणि पेठा यांनी फुटबॉल आपलासा केला, तेव्हा तो लोकांचा झाला. तेथील अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकून २०१७ च्या विश्वचषक संघात पोहोचला. क्रीडा प्रबोधिनी ही सरकारी संस्था आहे. सरकारने मनावर घेतले तर काय होते, याचे हे घरचेच उदाहरण आहे.

दुसरा मार्ग परोपकाराचा सुचवला जातो. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलच्या वाटेने उभे केले, त्याविषयी कोणालाही आदरच वाटेल. परंतु एका निवृत्त शिक्षकाला जे एकट्याने करावे लागले, ते करण्यासाठी ज्यांना पगार, खाते आणि अर्थसंकल्प मिळतो ते कोठे होते? सत्पुरुषांच्या पाठीवर राज्याची जबाबदारी टाकून त्यांचे सत्कार करणे हा सत्ताधाऱ्यांचा आवडता खेळ आहे. त्यात ते कधी हरत नाहीत.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. वनहक्क कायद्याच्या तेरा सोयींच्या यादीत क्रीडांगणाची भर पडावी, आणि ती पडेपर्यंत शाळेसाठीच्या वनजमिनीत मैदानाचा समावेश मानावा, असे ठराव चिचगडसह परिसरातल्या ग्रामसभांनी करावेत. देवरी प्रकल्पाच्या प्रत्येक आश्रमशाळेत मुलांसाठी आणि मुलींसाठी कायम नेमणुकीचा क्रीडाशिक्षक असावा. मानधनावरचा, दर उन्हाळ्यात कमी केला जाणारा नको. क्रीडा संकुले तालुक्याच्या गावापाशी थांबू नयेत, बाजाराच्या गावांपर्यंत यावीत. रेल्वे, वनखाते, पोलीस आणि वीज मंडळ यांतल्या खेळाडूंच्या जागा भराव्यात आणि त्यांचे संघ पुन्हा उभे करावेत. महासंघ आणि राज्य संघटना यांच्या निवडणुकीत जिल्ह्यांच्या संघांना, खेळाडूंना व प्रशिक्षकांना मत असावे, आणि त्यांचे हिशेब जाहीर व्हावेत.

निवडणुका आल्या की याच जिल्ह्यात पुढाऱ्यांच्या नावाने चषक ठेवले जातात, मंडळांना किट वाटले जातात. त्या वाटपाच्या सभेत कार्यकर्त्यांनी उभे राहून कलम ३(२) वाचून दाखवावे आणि पाऊण हेक्टर जमीन मागावी. जो पुढारी चेंडू देतो आणि जमिनीचे नाव काढताच गप्प होतो, त्याला फुटबॉल नको आहे, केवळ मते हवी आहेत, हे चिचगडच्या लोकांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.